त्याच गॉब्लिनला चाळीस हिट पॉइंट नकोत: नव्या डीएमसाठी शत्रू वाढवण्याची रीत

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत कथा रंगवायचा टेबलावरचा खेळ. तो नव्याने चालवायला घेतलेल्या डीएमवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरवर, पाचव्या लेव्हलच्या आसपास हमखास एक प्रसंग येतो. पहिल्या लेव्हलला ज्या चार गॉब्लिननी (छोट्या, चलाख राक्षसांनी) पार्टीच्या, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या गटाच्या, नाकी नऊ आणले होते, तसेच चार गॉब्लिन पुन्हा समोर येतात. पार्टीतला जादूगार, म्हणजे विझर्ड, फायरबॉल हा आगीचा मंत्र टाकतो आणि लढाई रंगायच्या आत संपते. डीएम हिरमुसतो. पुढच्या सेशनला तो गॉब्लिनना चाळीस हिट पॉइंट (किती मार सोसतील तो आकडा) आणि १८ आर्मर क्लास (घाव लागायला हल्ल्याच्या फाशाने गाठायचा आकडा) देऊन आणतो. कुणी विचारलंच तर म्हणतो, "हे जरा वेगळे गॉब्लिन आहेत."

खेळाडू काही दुधखुळे नसतात. वेगळे म्हणजे कसे, दिसायला तर तसेच आहेत, मग आपण लेव्हल चढून मिळवलं काय, हे प्रश्न त्यांना पडतातच. कॉम्प्युटर गेममध्ये २००६ च्या ऑब्लिव्हियनवर नेमकी हीच टीका झाली. नायकाची लेव्हल वाढली की रानातले साधे दरोडेखोरही जगातली सर्वांत महागडी चिलखतं घालून फिरायला लागायचे. एवढी इस्टेट अंगावर असलेला माणूस वाटसरूला लुटायला झुडपात कशाला बसेल?

शत्रू कठीण व्हायलाच हवेत, त्याशिवाय खेळात राम नाही. पण त्यांच्या कठीण होण्याला त्या जगातलं कारण हवं आणि ते कारण खेळाडूंना दिसायला हवं. आकड्यांना हात सर्वांत शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. जिथे वेगळं म्हटलेलं नाही तिथे आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांचे आहेत, कारण अजून बरीच टेबलं तेच वापरतात.

उदाहरणासाठी एकच कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी एक कथा, धरू. पार्टी चार जणांची: फायटर (लढवय्या), क्लेरिक (मंत्र जाणणारा पुजारी), रेंजर (रानवाटांचा जाणकार), विझर्ड. जागा काळनदीचं खोरं. खाली पाणवठा नावाचं गाव, मध्ये वाघजबडा खिंड, वर डोंगर.

पायरी १: आधी खोरं, मग लेव्हल

पहिल्या सेशनच्या आधी एक कागद घ्या आणि खोऱ्यात कोण कुठे राहतं ते लिहून काढा. पार्टी कितव्या लेव्हलची आहे हे थोडा वेळ विसरा. गावाजवळच्या रानात लांडगे आणि खरका नावाच्या म्होरक्याची गॉब्लिन टोळी. खिंडीपलीकडे हॉबगॉब्लिनची चौकी. डोंगरावर एक तरुण लाल ड्रॅगन. तो आजही तिथेच आहे, पार्टी दहाव्या लेव्हलची होईपर्यंत अंड्यात थांबलेला नाही.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा खेळ आणला, तेव्हापासून तळघरांचा एक साधा संकेत होता: जितकं खाली जाल तितका धोका जास्त आणि लूटही जास्त. यातली खुबी अशी की धोका निवडतो खेळाडू. जिना उतरायचा की नाही हे त्याच्या हातात. मोकळ्या मुलखातही तेच करता येतं, फक्त जिन्याच्या जागी अंतर येतं. गावापासून जितकं दूर, तितकं अवघड.

मात्र धोका आधी दिसला पाहिजे. तरुण लाल ड्रॅगनला १७८ हिट पॉइंट असतात आणि त्याच्या ज्वाळेचं सरासरी नुकसान ५६ असतं. पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे हिट पॉइंट असतात जेमतेम आठ. पार्टी अजाणतेपणी त्याच्या गुहेत शिरली तर दोष तुमचा. म्हणून अशा प्रत्येक बड्या धोक्याच्या किमान तीन खुणा पेरून ठेवा. डोंगरउतारावर एका रेषेत जळालेली झाडं. वरच्या कुरणात मेंढपाळ गुरं नेत नाहीत, विचारलं तर विषय बदलतात. आणि एखाद्या संध्याकाळी खोऱ्यावरून सरकणारी मोठी सावली. एक खूण खेळाडूंच्या हमखास नजरेतून सुटते, दुसरी ते चेष्टेवारी नेतात, तिसरी लागते.

पायरी २: हिशोब करा, पण शिक्क्यावर विसंबू नका

प्रत्येक राक्षसाला एक चॅलेंज रेटिंग असतं, म्हणजे सीआर. ढोबळ अर्थ असा की सीआर ३ चा एक राक्षस तिसऱ्या लेव्हलच्या चौघांना झेपावा. लढाईचा हिशोब मात्र एक्सपीने, म्हणजे शत्रूला हरवल्याबद्दल मिळणाऱ्या अनुभवाच्या गुणांनी होतो. एक गॉब्लिन ५० एक्सपी, चार गॉब्लिन २००. संख्या तीन ते सहा असेल तर दुप्पट धरायचे, म्हणजे ४००. पहिल्या लेव्हलच्या चार जणांसाठी 'जीवघेणी' लढाई सुरू होते बरोबर ४०० ला. दिसायला किरकोळ वाटणारे चार गॉब्लिन नव्या पार्टीला आडवं का करतात, ते इथे कळतं. त्याच चौघांसाठी पाचव्या लेव्हलला 'सोपी' लढाईसुद्धा १००० पासून सुरू होते. तिथे तेच चार गॉब्लिन हिशोबातही बसत नाहीत.

२०२४ च्या नियमांनी संख्येचा गुणाकार काढून टाकला आणि लढाईचे तीनच प्रकार ठेवले. त्या हिशोबाने पहिल्या लेव्हलच्या चौघांसमोरचे चार गॉब्लिन म्हणजे २०० एक्सपी, आणि ते सर्वांत हलक्या प्रकारात बसतात. एका पुस्तकात जीवघेणी ठरलेली लढाई दुसऱ्यात हलकी. तेव्हा शिक्का वाचा, पण खरं उत्तर तुमच्याच टेबलावर मिळतं.

त्यासाठी एक गोष्ट मोजायची सवय लावून घ्या: एका राउंडमध्ये (लढाईच्या एका फेरीत) कोणत्या बाजूला किती टर्न (खेळी) मिळतात. एक ओगर घ्या. सीआर २, ५९ हिट पॉइंट, ४५० एक्सपी. आर्मर क्लास १६ असलेल्या वीरावर त्याचा घाव साधारण ५५ टक्के वेळा लागतो आणि सरासरी १३ नुकसान करतो, म्हणजे राउंडला सात. आता सहा गॉब्लिन घ्या, संख्येचा गुणाकार न धरता ३०० एक्सपी. प्रत्येकाचा बाण ४५ टक्के वेळा लागतो, सरासरी साडेपाच. सहांचे मिळून राउंडला पंधराच्या आसपास. कागदावर स्वस्त असलेले गॉब्लिन ओगरच्या दुप्पट मारतात. उलट ओगर शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत पूर्ण ताकदीने मारतो, गॉब्लिनांचा मारा मात्र एकेक पडत गेला की ओसरतो. पहिल्याच राउंडला कुणी बेशुद्ध पडू नये असं वाटत असेल तर संख्या कमी ठेवा. टेबलावर सहा खेळाडू असतील तर हिट पॉइंट फुगवण्यापेक्षा दोन शत्रू वाढवा.

आणखी एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. २०१४ चे आकडे असं गृहीत धरतात की पार्टी दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढाया लढते. आपल्याकडे रविवार दुपारच्या तीन-चार तासांच्या सेशनमध्ये एक, फार तर दोन लढाया होतात, आणि रात्री सगळे झोपून ताजेतवाने. मग पाचव्या लेव्हलचा विझर्ड तिसऱ्या पातळीचे दोन्ही मंत्र पहिल्याच लढाईत का उधळणार नाही? इथे शत्रूचे हिट पॉइंट वाढवणं म्हणजे रोग एक आणि औषध भलतंच. झोप महाग करा. पौर्णिमेला कैदी विकले जाणार आहेत, आज त्रयोदशी आहे, आणि वाटेत तीन चौक्या आहेत. आता प्रत्येक फायरबॉल विचार करून सुटेल.

पायरी ३: कोण वाचलं, काय पाहिलं, कुणाला सांगितलं

माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत कामाची पायरी हीच. सेशन संपल्यावर वहीत तीन ओळी लिहा. कोण जिवंत निसटलं? त्याने काय पाहिलं? ते त्याने कुणाला सांगितलं? पुढच्या लढाईची अवघडता या तीन ओळींमधून काढा.

समजा रानातल्या लढाईतून दोन गॉब्लिन पळाले. त्यांनी विझर्डचा फायरबॉल पाहिला. फायरबॉलची त्रिज्या २० फूट, सरासरी नुकसान २८. गॉब्लिनला हिट पॉइंट सात, म्हणजे बचावाचा फासा यशस्वी होऊन अर्धंच नुकसान झालं तरी तो मेलाच. हे दोघे खरकासमोर थरथरत सांगतात, "एक बाई हात वर करते आणि सगळं पेटतं." पुढच्या वेळी खरकाचे गॉब्लिन घोळक्याने येत नाहीत. एकमेकांपासून चाळीस-पन्नास फूट अंतर ठेवतात आणि पहिले बाण झगा घातलेल्या बाईवर सोडतात. हिट पॉइंट तेच, आर्मर क्लास तोच. तरी विझर्ड चालवणारी खेळाडू खुर्चीत सरळ होऊन बसते, कारण या बदलाचं कारण ती स्वतः आहे.

इथे प्रामाणिकपणा पाळावा लागतो. कुणीच वाचलं नसेल तर शत्रूला काहीही कळलेलं नाही. पार्टीने मेहनत करून शेवटच्या गॉब्लिनचा माग काढला, त्याला गाठलं, तर पुढच्या टोळीने पुन्हा घोळक्यानेच यावं आणि पुन्हा भाजून निघावं. डीएमला सगळं माहीत असतं, खरकाला नसतं. ही रेघ ओलांडणारा डीएम पार्टीच्या प्रत्येक युक्तीवर उतारा तयार ठेवतो, आणि खेळाडू युक्त्या करायचं सोडून देतात.

शत्रू शिकतो तेही त्याच्या वकुबाप्रमाणे. लांडगे शिकतात ते एवढंच की आगीपासून लांब राहावं. गॉब्लिन भित्रे पण चलाख. हॉबगॉब्लिन शिस्तीचे: ते हेर पाठवतील, पाणवठ्याच्या खानावळीत दोन दिवस कान लावून बसणारा माणूस भाड्याने घेतील. ड्रॅगनला फुरसतच फुरसत आहे.

पायरी ४: शत्रूला कॅलेंडर द्या

पार्टी काहीच करत नसताना शत्रू काय करतो? हे तारीखवार लिहून ठेवलं की अवघडता आपोआप चढते आणि ती पार्टीच्या लेव्हलला बांधलेली राहत नाही. आमच्या खोऱ्याचं कॅलेंडर असं:

पहिला आठवडा: खरकाची टोळी रस्त्यावर वाटसरूंकडून खंडणी घेते आणि तिचा हिस्सा हॉबगॉब्लिन चौकीला पोचवते.

तिसरा आठवडा: हिस्सा आला नाही तर चौकीवरून मोरग नावाचा कप्तान बारा हॉबगॉब्लिन घेऊन खाली उतरतो.

पाचवा आठवडा: खिंडीत दगडी आडोसे आणि टेहळणीची जागा उभी राहते.

सातवा आठवडा: पाणवठ्याला निरोप जातो, धान्य द्या नाहीतर गाव जाळू.

पार्टीने टोळी फोडली की हिस्सा थांबतो, म्हणून मोरग येतो. गॉब्लिनच्या जागी हॉबगॉब्लिन आले याचं कारण खेळाडूंना स्वतःच्या करणीत सापडतं. पार्टी चौथ्या आठवड्यातच खिंडीवर चालून गेली तर आडोसे अर्धवट असतील. शहरात जाऊन तलवारी घासत बसली तर काम पुरं झालेलं असेल. उशीर त्यांचा, त्याचं फळही त्यांचंच.

हॉबगॉब्लिन हा मला पुढची पायरी म्हणून फार आवडतो. आर्मर क्लास १८, हिट पॉइंट फक्त ११. त्याची खरी ताकद अशी की ज्याच्यावर तो घाव घालतो त्याच्या पाच फुटांत त्याचा साथीदार असेल, तर टर्नमध्ये एकदा २डी६ (सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) जास्त नुकसान होतं. म्हणजे ते जोडीने लढले तर भयंकर, सुटे पडले तर साधे शिपाई. हे त्यांच्या चालीतून दाखवा: जोड्यांनी कूच करतात, ढालीला ढाल लावून उभे राहतात, एक मागे सरला तर दुसराही सरतो. जोड्या तोडायच्या हे एखाद्या खेळाडूच्या डोक्यात आलं की ती लढाई त्याने जिंकल्यासारखीच.

बारा हॉबगॉब्लिन आणि सीआर ३ चा कप्तान यांचे एकूण १९०० एक्सपी होतात, तेरा जणांसाठी तिप्पट धरले तर ५७००. पाचव्या लेव्हलच्या चौघांसाठी जीवघेणी मर्यादा ४४०० आहे. तेव्हा उघड्या मैदानात सगळ्यांना एकत्र भिडणं म्हणजे मरण, आणि हे पार्टीला आधी कळलं पाहिजे. मोजणी करता येईल अशी जागा द्या: खिंडीच्या वरच्या धारेवरून शेकोट्या दिसतात, सहा शेकोट्या, प्रत्येकीजवळ दोन आकृत्या. मग गस्तीवरच्या दोघांना वेगळं गाठायचं, पाण्याच्या वाटेवर चौघांना पकडायचं, हे बेत खेळाडू स्वतःच रचतात.

पायरी ५: आकडा तोच, खिंड वेगळी

ड्रॅगन मासिकाच्या नोव्हेंबर १९८७ च्या अंकात रॉजर मूर यांनी संपादकीयात टकर नावाच्या एका डीएमच्या कोबोल्डांची हकीकत सांगितली. कोबोल्ड म्हणजे तेव्हाच्या नियमांत १ ते ४ हिट पॉइंटचा, सर्वांत दुबळा प्राणी. पण टकरचे कोबोल्ड आग लावायचे, भिंतींतल्या फटींतून मारा करायचे, आपल्या बोळांत पार्टीला कोंडायचे. वरच्या लेव्हलची मुरलेली पात्रं त्यांना टरकून असायची. आपल्याला हे नवीन वाटू नये. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची मोठी फौज शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी अडवली, ती जागेच्या जोरावर.

तर वाघजबडा खिंड. शंभर पावलं लांब, दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील इतकी अरुंद, दोन्ही बाजूंना चाळीस फूट कडा. कड्यांवर आठ गॉब्लिन, चार इकडे चार तिकडे, एकमेकांपासून लांब. कमरेइतक्या नव्हे, गळ्याइतक्या उंचीचे दगड रचलेले, म्हणजे पाऊण आडोसा: आर्मर क्लासमध्ये ५ ची भर, १५ चा झाला २०. गॉब्लिनला बाण सोडल्यावर त्याच टर्नला बोनस ॲक्शनने (जादा छोट्या कृतीने) लपता येतं, आणि लपण्यात त्याला +६ आहे. बाण येतो, वर पाहावं तर नुसते दगड. फायटरची तलवार चाळीस फूट वर पोचत नाही. विझर्डचा फायरबॉल एका वेळी एकाला, नशीब असेल तर दोघांना पकडतो. वेळ संध्याकाळची. गॉब्लिनला अंधारात साठ फुटांपर्यंत दिसतं, आणि माणसांच्या पार्टीने मशाल पेटवली की सगळ्या खिंडीत तेच तेवढे उजळलेले.

आता हिशोब बघा. आठ गॉब्लिन म्हणजे ४०० एक्सपी, संख्येसाठी अडीच पट, १०००. पाचव्या लेव्हलच्या चौघांसाठी ही नियमाप्रमाणे 'सोपी' लढाई आहे. एकाही आकड्याला हात लावलेला नाही. आडोशाची भर नियमातलीच.

अशी खिंड मांडली की तिला दोन-तीन तोडगे असल्याची खात्री करून घ्या. मागून कड्यावर चढणारी मेंढपाळाची पायवाट. धुक्याचा मंत्र. विझर्डकडे फ्लाय असेल तर उडणारा फायटर. तोडगा कोणता हे खेळाडूंना सांगायचं नाही, आणि त्यांनी चौथाच काढला तर अडवायचं नाही. खिंडीच्या तोंडाशी मोडकं गाडीचं चाक आणि कावळे दिसले, पार्टी थांबली, रेंजरने पुढे जाऊन पाहणी केली, तर आठातले चार गॉब्लिन त्याला दिसू द्या. सावधगिरीचा मोबदला मिळाला नाही तर पुढच्या वेळी कुणी सावध राहणार नाही.

जागेइतकंच उपयोगी म्हणजे लढाईचं उद्दिष्ट बदलणं. सगळ्यांना ठार करणं सोपं असतं. पूल चार राउंड राखून धरणं, पेटत्या कोठारातून तीन मुलांना बाहेर काढणं, शिंग फुंकायला निघालेल्या एका गॉब्लिनला गाठणं, हे पाचव्या लेव्हललाही घाम काढतं, आणि समोर असतात तेच जुने सात हिट पॉइंटवाले. शिंग वाजलं तर कुमक किती राउंडनी येते हे मात्र लढाईच्या आधी लिहून ठेवा. पार्टी जिंकतेय म्हणून ऐन वेळी कुमक बोलावणं हा रडीचा डाव.

पायरी ६: आकड्याला हात लावायचाच असेल तर

काही वेळा लावावा लागतो. तेव्हा एकच कसोटी: जे वाढवलं ते वीरांच्या डोळ्यांना दिसतंय का?

गॉब्लिनचा आर्मर क्लास १८ हवा? मग त्याच्या अंगावर साखळी चिलखत आणि हातात ढाल द्या, १६ आणि २ मिळून १८ होतात. ते चिलखत आलं कुठून? गेल्या महिन्यात लुटलेल्या गाडीतून. त्या गाडीची तक्रार खेळाडूंनी पाणवठ्यात ऐकली होती. लढाईनंतर चिलखत त्यांच्या हाती लागणार हेही ओघाने आलं, तेव्हा दहा गॉब्लिनना वाटायच्या आधी विचार करा.

हिट पॉइंटसाठी नियमातच सोय आहे. गॉब्लिनचे सात ही २डी६ ची सरासरी आहे, म्हणजे २ पासून १२ पर्यंत काहीही चालतं. ओगरचे ५९ हे ७डी१० अधिक २१ ची सरासरी, कमाल जाते ९१ पर्यंत. जखमांचे व्रण असलेला, एक कान तुटलेला जुना गॉब्लिन १२ चा, मिसरूड न फुटलेला ३ चा. एवढ्यानेच टोळीला माणसं आहेत असं वाटायला लागतं. म्होरक्यासाठी पुस्तकात वेगळा गॉब्लिन बॉस आहेच: सीआर १, आर्मर क्लास १७, हिट पॉइंट २१, आणि स्वतःवरचा घाव शेजारच्या गॉब्लिनवर ढकलायची घाणेरडी सवय. ही सवय एकदा दिसली की खेळाडू त्या प्राण्याचा जो द्वेष करतात, तो शंभर हिट पॉइंटनी मिळत नाही.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळत असाल तर काम आणखी सरळ आहे. तिथे कोणत्याही प्राण्यावर 'एलिट' किंवा 'वीक' असा साचा चढवता येतो आणि हल्ला, आर्मर क्लास, बचाव यांत २ ने फरक पडतो. साचा चढवला तरी कारण शोधायचं काम तुमच्याकडेच राहतं.

लढाई चालू असताना पडद्यामागे हिट पॉइंट वाढवणारे डीएम बरेच आहेत आणि त्यांची बाजू मला माहीत आहे: शेवटचा शत्रू दुसऱ्याच राउंडला पडला तर मजा जाते. मला ते पटत नाही. पार्टीने चांगला बेत करून मोरगला दोन राउंडमध्ये लोळवलं असेल तर ती आठवण त्यांची आहे. मोरगच्या जागी येणारा पुढचा कप्तान ती गोष्ट ऐकून येईल, पायरी तीन बघा.

पायरी ७: पळणारे आणि शरण येणारे

बहुतेक नव्या टेबलांवर प्रत्येक शत्रू शेवटच्या श्वासापर्यंत लढतो. का? गॉब्लिनला जिवाची पर्वा नाही? १९८१ च्या बेसिक नियमांत यासाठी मोराल (शत्रूच्या धैर्याचा आकडा) नावाची सोपी सोय होती, आणि ती कुठल्याही आवृत्तीत बिनदिक्कत उचलता येते. पहिला साथीदार मेला की आणि अर्धी टोळी पडली की २डी६ टाका. बेरीज मोरालपेक्षा जास्त आली तर टोळीचा धीर सुटला. गॉब्लिनचं मोराल ७, म्हणजे दर वेळी ४० टक्क्यांहून थोडी जास्त शक्यता. त्यांचा राजा हजर असेल तर ९, शक्यता उतरते १७ टक्क्यांच्या आसपास.

बघा, म्होरक्या हजर असण्यानेच लढाई अवघड होते, आणि म्होरक्याला आधी उडवायचा हा डाव खेळाडूंना आपोआप सुचतो. पळालेला प्रत्येक गॉब्लिन तुमच्या वहीतल्या तीन ओळींचं खाद्य आहे. शरण आलेला त्याहून जास्त. त्याला बोलतं करा, त्याला नाव द्या, आणि खिंडीतल्या दगडांची बातमी त्याच्या तोंडून फुटू द्या.

पळण्याची वाट पार्टीलाही हवी. हे पहिल्याच सेशनला तोंडाने सांगा: या खोऱ्यात काही गोष्टी तुमच्याहून ताकदवान आहेत, पळणं चालतं. नव्या खेळाडूंना हे कुणी सांगितलेलं नसतं. समोर आलं ते मारायचं असतं असं धरूनच ते बसतात.

पायरी ८: सोप्या लढाया सोप्याच राहू द्या

पाचव्या लेव्हलच्या पार्टीला रस्त्यात पाच गॉब्लिन भेटले तर फासेसुद्धा काढू नका. गॉब्लिन विझर्डला ओळखतात, धनुष्य खाली टाकतात, एक जण खंडणीचे पैसे परत देतो. दोन मिनिटांचा प्रसंग, पण सहा सेशनपूर्वी याच जागी क्लेरिक मरता मरता वाचला होता हे टेबलावरच्या प्रत्येकाला आठवतं.

म्हणून गॉब्लिन कायमचे निकामी झाले असं समजू नका. पाचव्या आवृत्तीत लेव्हल वाढली तरी आर्मर क्लास फारसा वाढत नाही. १८ आर्मर क्लासच्या फायटरलाही गॉब्लिनचा बाण ३५ टक्के वेळा लागतो. वीस गॉब्लिननी एकाच राउंडला त्याच्यावर बाण सोडले तर सरासरी ३८ नुकसान, आणि पाचव्या लेव्हलच्या धडधाकट फायटरकडे असतात ४४ च्या आसपास. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत हे चालत नाही. तिथे लेव्हल थेट आकड्यात मिळवली जाते, चार लेव्हलहून जास्त खालचे शत्रू हिशोबात धरतच नाहीत. तुम्ही कोणती प्रणाली चालवता त्यावर जुना शत्रू जमावाने परत आणायचा की नाही ते ठरतं.

पाचवीनंतर खोरंच अपुरं पडायला लागेल. पाचवी ते दहावी हा टप्पा नियमांनी राज्याच्या पातळीच्या संकटांसाठीच धरला आहे. तेव्हा मोरगला कुणी पाठवलं, त्या माणसाला ही खिंड कशासाठी हवी आहे, आणि डोंगरावरच्या ड्रॅगनला तो काय देतो, हे प्रश्न खेळाडूंनी विचारायच्या आत तुमच्या कागदावर असू द्या.

पायरी ९: भर लढाईत हिशोब चुकला तर

सगळं करूनही एखाद्या दिवशी फासे फिरतात. दोघे बेशुद्ध, क्लेरिकचे मंत्र संपलेले, चार हॉबगॉब्लिन धडधाकट. अशा वेळी हिट पॉइंट कमी करू नका आणि आकाशातून मदतही पाडू नका. मोरगला काय हवंय ते आठवा. त्याला खंडणी हवी आहे, आणि मेलेल्या वीरांची खंडणी कुणी देत नाही. तलवारीच्या घावाने शून्यावर आणलेल्याला ठार न करता बेशुद्ध ठेवण्याची मुभा नियमात आहेच, ती शत्रूलाही द्या. हॉबगॉब्लिन उरलेल्या दोघांना शस्त्रं टाकायला सांगतात. पाणवठ्याला निरोप जातो: चार डोकी, आठशे सोन्याची नाणी, दहा दिवस. सेशन तिथे थांबवा, आणि घरी जाऊन चौकीच्या कोठडीचा नकाशा काढा. पहारा कधी बदलतो, किल्ल्या कुणाकडे, आणि शरण आलेला तो गॉब्लिन सध्या तिथे भांडी घासतो का, एवढं ठरलं की पुढच्या रविवारची तयारी झाली.